शब्दचर्चा: 'इन्दिग्नातुस' म्हणजे नुसतं रागावलेला?

प्रश्न: रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्याच्या आठव्या सर्गाचा शेवट मराठीत आणतोय. नायक ईनियसच्या ढालीवर रोमन सम्राट ऑगस्टसची इ.स.पू. २९ मधली विजयमिरवणूक कोरलेली आहे. जिंकलेल्या लोकांबरोबर त्यात नद्याही आहेत: युफ्रेटिस, दोन शिंगांचा ऱ्हाईन आणि शेवटी आर्मेनियातल्या अराक्सीस नदीबद्दल 'पोन्तेम इन्दिग्नातुस आराक्सेस'. 'पुलावर रागावलेली अराक्सीस' चालेल?

उत्तर: अर्थ पोचतो, पण राग फार स्वस्त झाला. 'दिग्नुस' म्हणजे लायक, साजेसा. 'इन्दिग्नारी' म्हणजे हे आपल्याला साजत नाही, असं वाटून आतल्या आत धुमसणं. त्यासाठी आधी अंगात मान हवा. मी 'पूल जिव्हारी लागलेला' म्हणेन. आणि नदी पुल्लिंगीच ठेवा. लॅटिन काव्यातल्या बहुतेक नद्या बाप्ये असतात, बैलाची शिंगंसुद्धा असतात. आपल्याकडेही ब्रह्मपुत्र नदच आहे की!

प्रश्न: पण पुलाचं एवढं काय लागावं?

उत्तर: सर्वियस हा जुना टीकाकार सांगतो, की अलेक्झांडरचा पूल पुराने मोडला आणि पुढे ऑगस्टसने या नदीला जास्त भक्कम पुलाने 'बांधलं'. त्याचं क्रियापद 'लिगाविट', म्हणजे दोरीने बांधणं. इथे मराठीची चैन आहे: आपण पूलही बांधतो आणि कैदीही.

आणखी एक: युफ्रेटिसच्या 'मोल्लिओर उन्दिस'ला 'मऊ लाटांचा' करू नका, 'नरमलेला' करा. युफ्रेटिसपलीकडचं पार्थियन राज्य रोमने तेव्हा जिंकलंच नव्हतं. नदी नरमली म्हटलं की शत्रू नरमल्यासारखा वाटतो, आणि खोटं बोलल्याचा आळही येत नाही. त्याच काळातला कवी होरेसनेही तेच केलं. त्याच्या एका ओडमध्ये (गेय कवितेत) पूर्वेकडची 'मेडी', म्हणजे पार्थियनांकडची, नदी आता लहान भोवरे फिरवते.

दुसरं उत्तर: पुढच्या शतकातला रोमन कवी स्टेशियसही बघा. इ.स. ९५ मध्ये सम्राट डोमिशियनच्या नव्या रस्त्यासाठी इटलीतल्या व्होल्टुर्नुस नदीवर पूल झाला. स्टेशियसच्या कवितेत ती नदीच बोलते: मला सरळ पात्राच्या कायद्यांनी बांधलंस, उपकार झाले! क्रियापद पुन्हा तेच, 'लिगास्ती'. व्हर्जिलची नदी निदान धुमसते तरी; ही चक्क आभार मानते. मला ही ओळ जास्त भीतिदायक वाटते.

प्रश्नकर्ता: 'जिव्हारी' घेतो. 'नरमलेला'ही. आता 'बांधलेला' कुठे बसतोय ते बघतो.