'लूझर'ला मराठीत काय म्हणावे?

गेले चार महिने मी मुलाकडे, फिलाडेल्फियाजवळ आहे. परवा नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजी, लूझरला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटले, "हरलेला." त्याने जोरजोरात मान हलवली. "तो आज हरला म्हणून नाही गं. तो आहेच लूझर!"

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. 'हरलेला' म्हटले की लगेच विचारता येते: कोणता डाव, कोणाकडून, कधी? पुढचा डाव जिंकला की तो शब्द गळून पडतो. इथला 'लूझर' मात्र जन्माला चिकटतो. ज्याने उभ्या आयुष्यात चेंडूला हात लावला नाही, त्यालाही म्हणतात. मुले अंगठा आणि तर्जनी ताणून कपाळावर इंग्रजी एल काढतात, की झाला माणूस लूझर.

आपल्या अंगणात हरणाऱ्याला नाव ठेवायची रीत नव्हती, हरताना कुरकुरणाऱ्याला होती. तो 'रड्या', त्याचा तो 'रडीचा डाव'. म्हणजे इथल्या 'सोअर लूझर'ला आपल्याकडे चोख शब्द आहे, पण नुसत्या 'लूझर'ला मला सापडत नाही. आणि धाकट्यांसाठी तर आपण 'लिंबूटिंबू' केला! तो खेळतो, धावतो, पण बादच होत नाही. नातवाला हे सांगितले तर तो म्हणाला, "मग त्याचा स्कोअर कोण लिहितं?"

इथले आणखी एक रत्न म्हणजे 'विनिंगेस्ट'. सर्वाधिक सामने जिंकणारा प्रशिक्षक तो 'विनिंगेस्ट कोच'. मराठीत असे घडवायचे तर 'जिंकततम' म्हणावे लागेल. त्याचा जोडीदार 'लूझिंगेस्ट'. आमच्या इथल्या फिलीज या बेसबॉल संघाला तो मान आहे. १८८३ पासून खेळणाऱ्या या संघाने १५ जुलै २००७ रोजी दहा हजारावा पराभव नोंदवला. अमेरिकेतल्या कोणत्याही व्यावसायिक संघाचा इतका आकडा तोवर झाला नव्हता. पुढच्याच वर्षी हेच फिलीज वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकले. आता सांगा, हे लूझर की नुसते हरलेले?

जाणकारांनी शब्द सुचवावा.

प्रतिसाद: 'पडेल' आहे की! पडेल सिनेमा, पडेल उमेदवार. अगदी स्वभाव झाल्यासारखाच वापरतो आपण.

प्रतिसाद: ताई, बरोबरीबद्दलही लिहा ना. अमेरिकन लोकांना सामना बरोबरीत सुटलेला चालत नाही म्हणतात, खरे का?

माझे उत्तर: 'पडेल' खरोखर जवळचा आहे, मला सुचला नव्हता. पण आपल्याकडे पडेल उमेदवार पाच वर्षांनी गुलाल उधळत निवडून येतो आणि लोक ते 'पडेल' विसरतात. एवढी सोय 'लूझर'मध्ये नाही.

बरोबरीचे मात्र अगदी खरे आहे. नातवाबरोबर कॅरम खेळले, दोघांचे तीन-तीन डाव झाले. मी म्हटले, "बरोबरी झाली, चला जेवायला." तो हटून बसला, टायब्रेकर झाल्याशिवाय ताट नको! मुलाने मग इथली म्हण ऐकवली: टाय म्हणजे बहिणीची पापी. अमेरिकन फुटबॉलमधली ही म्हण १९५० च्या दशकातल्या नेव्हीच्या, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाच्या, एका प्रशिक्षकाच्या नावावर सांगतात.

१९६८ साली हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांचे दोन्ही अपराजित संघ भिडले. हार्वर्डने शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण करून २९-२९ अशी बरोबरी साधली. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने मथळा दिला, 'हार्वर्डने येलला हरवले, २९-२९'. मला हा मथळा फार आवडतो. बरोबरी सोसवेना, म्हणून तिलाच विजय करून टाकले.

२००२ साली मिलवॉकीत बेसबॉलचा ऑल-स्टार सामना (दोन गटांतल्या निवडक खेळाडूंचा) ११ डावांनंतर ७-७ असा थांबवला, कारण दोन्हीकडचे गोलंदाज संपले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खरे तर तो प्रदर्शनी सामना! पण पुढच्या वर्षीपासून तो जिंकणाऱ्या गटाच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा लाभ देऊ लागले, आणि ते २०१६ पर्यंत चालले.

आपली शब्दरचना बघा. कुस्ती बरोबरीत 'सुटते'. जत्रेच्या फडात जोड बराच वेळ झुंजली, निकाल लागेना, की कुस्ती सोडवतात आणि इनाम दोघांत वाटतात. शाळा सुटते, कोडे सुटते, तशीच कुस्ती सुटते. शिवाय 'बरोबर' म्हणजे समान आणि 'बरोबर' म्हणजे योग्यही. हे दोन अर्थ एका शब्दात राहतात याचा मला फार आनंद वाटतो.

६ जून २०२४ ला डॅलसजवळ अमेरिका आणि पाकिस्तान दोघांच्याही १५९ धावा झाल्या, तेव्हा सामना बरोबरीत होता, पण सुटला नाही. सुपर ओव्हर झाली आणि आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने गोलंदाजी करून अमेरिकेच्या १८ धावांचा बचाव केला आणि तिला जिंकवले. त्या दिवशी घरात आम्ही सगळेच नाचलो.

एक मात्र लिहायलाच हवे. १९९१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, बफलो संघ २०-१९ असा हरला, कारण स्कॉट नॉरवुडची शेवटची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी बफलोच्या चौकात जमलेल्या गर्दीने त्याच्याच नावाचा घोष केला आणि त्याला बोलायला पुढे आणले. त्याला कोणी 'लूझर' म्हटले नाही. म्हणजे 'हरलेला' हा अर्थ त्यांच्याकडेही आहे, फक्त शब्द वेगळा काढलेला नाही.

नातवाला सध्या 'रड्या' शिकवला आहे. फिलीज हरले की बाबा टीव्हीवर ओरडतो, तेव्हा तो सोफ्यावर उभा राहून म्हणतो, "बाबा, रडीचा डाव!"