खाडीकाठची महागडी गाडी: बंद गॅरेजमध्ये ठेवावी की उघड्यावर?

खाडीकाठ, नेरूळ

चार पावसाळे मी माझी गाडी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या तळघरातल्या बंदिस्त गॅरेजमध्ये ठेवली आणि यंदाच्या जूनपासून ती कुंपणभिंतीलगतच्या उघड्या जागेत आणली. शेजारी, नातेवाईक आणि गाडीचे काम करणारे मेकॅनिक या सर्वांचे मत असे, की एवढी किमती गाडी ऊनपावसात उभी करणे चुकीचे आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण नेरूळ, सीवूड्स, वाशी अशा खाडीला लागून असलेल्या भागांत हाच प्रश्न अनेकांपुढे असणार.

गाडी मर्सिडीजची लांब व्हीलबेसची ई-क्लास आहे. घर पाम बीच रस्त्याजवळ आहे आणि गॅलरीतून कांदळवन दिसते. गेल्या वर्षी जुलैमध्ये आईच्या आजारपणामुळे सतरा दिवस गाडी जागची हलली नाही. शटर उघडले तेव्हा स्टिअरिंगच्या चामड्यावर आणि मागच्या सीटच्या शिवणींत पांढुरकी बुरशी धरलेली होती, ब्रेकच्या चकत्या तांबूस झाल्या होत्या आणि बोनेट उचलल्यावर वायरिंगच्या एका जुडग्याचे वेष्टण उंदरांनी कुरतडलेले दिसले. त्याच काळात वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची दहा वर्षे जुनी हॅचबॅक उघड्यावर उभी होती. तिच्यावर वाळलेल्या पानांपलीकडे काहीही नव्हते.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे का टाकतात, हे आपल्या सर्वांच्या घरात ठाऊक आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि पाझरू लागते. खाडीवरच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे बारीक कण गाडीवर, तिच्या सांध्यांत, चाकांच्या कमानींत बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे जिथे वारा नाही आणि ऊन नाही अशा तळघरात तो मिठाचा थर दिवसरात्र ओलाच राहतो. उघड्यावरच्या गाडीवरचे मीठ मोठ्या सरीने धुऊन जाते आणि तासाभराची उघडीप मिळाली तरी पत्रा वाळतो. पत्रा किती वेळ ओला राहतो यावर गंज ठरतो, आणि त्या हिशेबात बंद तळघर उघड्या जागेपेक्षा वाईट आहे असे माझे ठाम मत आहे.

घोडबंदर रस्ता, कोलशेत

आपला मिठाचा मुद्दा खरा आहे, पण तो वर्षातल्या चार महिन्यांचा आहे. उरलेल्या आठ महिन्यांचा विचार आपल्या लेखात कुठेही नाही.

माझी गाडीही जर्मन सेडान आहे. ती दोन वर्षे उघड्यावर, सोनमोहराच्या झाडाखाली उभी राहिली, आणि त्या दोन वर्षांनी मला जे शिकवले ते मी कोणालाही शिकायला लावू इच्छित नाही. सनरूफ पाणी पूर्णपणे अडवतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सनरूफच्या चौकटीत थोडे पाणी येणारच, असे धरूनच त्याची रचना केलेली असते. ते पाणी चौकटीच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या बारीक नळ्यांवाटे, काचेशेजारच्या खांबांच्या आतून खाली उतरते. झाडाच्या पाकळ्या आणि धूळ यांचा चिखल होऊन माझ्या गाडीतली पुढची एक नळी बुजली. पाणी खांबातून बाहेर जाण्याऐवजी आतल्या छताच्या कापडामागून उतरून कार्पेटखाली साचत राहिले. वर कार्पेट कोरडे लागत होते, कारण खालचा जाड फोम सगळे पाणी पिऊन बसला होता. डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे दिसू लागले तेव्हा सीटखालच्या कंट्रोल मॉड्यूलपर्यंत, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीपर्यंत, ओल पोहोचलेली होती. या गाड्यांमध्ये कापड बदलण्याइतके ते काम सोपे नसते. सीट काढा, कार्पेट उचला, फोम वाळवा, मॉड्यूल बदला, ते गाडीशी जुळवून घ्या, असे ते आठवडाभर चालले.

दुसरे दवाचे. हिवाळ्यात उघड्यावरच्या गाडीचा टप रात्री आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्यावर दव धरते. डोक्यावर साधे छप्पर असले तरी हे घडत नाही. म्हणजे आपण ज्या ओलेपणाला भिऊन बाहेर आलात, तो बाहेर जानेवारीतही भेटतो, आणि तेव्हा मीठ धुऊन न्यायला पाऊस नसतो.

आमच्या रस्त्यावर मेट्रो ४ चे काम चालू असताना गाड्यांवर सिमेंटची धूळ रोज बसत असे. दवाने ती भिजते, उन्हात घट्ट होते आणि फडक्याने पुसली की रंगावर वर्तुळाकार ओरखडे उठतात. कव्हर घातले तर वाऱ्याने हलणारे कव्हर तीच धूळ दिवसभर रंगावर घासते. उघड्या जागेला कव्हर हा पर्याय आहे असे कृपया कोणी सुचवू नये.

वाशीतील रहिवासी

मी पहिल्या लेखकाच्या बाजूचा आहे, पण माझे कारण गंज नसून पाणी आहे. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीच्या पातळीला लागून वसलेला आहे. सिडकोने शहर आखताना धारण तलाव आणि त्यांच्या मुखाशी झडपा ठेवल्या, त्या याचसाठी. भरती चढली की झडपा मिटतात आणि ओहोटी लागेपर्यंत शहराचे पाणी तलावात थांबते. उधाणाच्या भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस आला, तर ते पाणी सर्वांत खोल जागा शोधते, आणि कोणत्याही इमारतीत सर्वांत खोल जागा तळघरच असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाचे तळघरांचे हाल पाहिलेला माणूस जुलैच्या रात्री गाडी दोन मजले खाली ठेवून निवांत झोपू शकत नाही. आमच्या इमारतीत पंप होते. वीज गेली आणि जनरेटर तळघरातच होता.

ज्यांची गाडी अजूनही तळघरात आहे त्यांनी एवढे तरी करावे: पाण्यात बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पहिल्याच प्रयत्नात कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकू शकतो. हे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड पॉलिसीत घ्यावी लागते.

घोडबंदर रस्ता, कोलशेत

वाशीकर, तळघर बुडते हे मला मान्य आहे. येऊरच्या डोंगरावरून येणारे ओढे आमच्याकडेही तळघरात उतरतात. परंतु त्या धोक्याची सूचना आदल्या दिवशी हवामान खात्याकडून मिळते आणि भरतीचे वेळापत्रक तर वर्षभर आधी छापलेले असते. त्या रात्री गाडी वर आणता येते. उन्हाला मात्र असे टाळता येत नाही, ते रोज येते.

रंगकाम, ठाणे पश्चिम

मी गाड्यांच्या रंगाचे काम करते. दोन्ही पक्षांच्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून जे हाताखालून गेले आहे तेवढेच लिहिते.

रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. आपल्या डोक्याचा केसही त्याहून जाड असतो. उन्हातले अतिनील किरण याच थराला झिजवतात, आणि मी पॉलिश करते तेव्हा मीही त्याच थरातून काही मायक्रॉन खरवडून काढते. म्हणून "उघड्यावर ठेवू आणि दर वर्षी पॉलिश करून घेऊ" हा विचार फार काळ चालत नाही. तो थर संपत जातो, आणि संपला की टप आणि बोनेट पुन्हा रंगवावे लागते. असे रंगकाम कितीही काळजीपूर्वक केले तरी जाडी मोजणाऱ्या यंत्रावर ते ओळखू येते आणि गाडी विकताना किंमत कमी होते.

पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल सर्वांचा समज असतो की तिच्यातले आम्ल रंग खाते. ते काही अंशी खरे आहे, पण मोठे नुकसान उष्णतेने होते. काळ्या गाडीचा पत्रा मे महिन्यात हात टेकवता येणार नाही इतका तापतो, क्लिअर कोट नरम पडून किंचित फुगतो, आणि संध्याकाळी थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती तिच्याच आकाराने घट्ट होतो. मग विष्ठा धुतली तरी ठसा राहतो. सावलीतल्या गाडीवर हाच डाग ओल्या फडक्याने निघून जातो.

आता नेरूळच्या लेखकांना एक नम्र प्रश्न. पाऊस गाडीवरचे मीठ धुतो, हे टप, बोनेट आणि दारे यांच्यापुरते बरोबर आहे. पण त्या पत्र्यावर जस्ताचा थर आणि रंग आधीच असतो, तो सहसा गंजत नाही. गंज सुरू होतो चाकांच्या कमानींच्या आतल्या कडांना, दारांखालच्या दुमडींत, सस्पेन्शनच्या बोल्टांवर. तिथे पाऊस पोहोचतो कुठे? उभ्या गाडीच्या त्या जागा आतही सुक्या सावलीत असतात आणि बाहेरही. तिथले मीठ काढायला गोड्या पाण्याच्या दाबाने खालून गाडी धुवावी लागते, आणि ते काम आत किंवा बाहेर ठेवण्याने वाचत नाही. आपल्या गाडीला त्या सतरा दिवसांत झाले त्याचा दोष मी छपराला देणार नाही. ओल्या चाकांनी गाडी आत आली, शटर ओढले गेले आणि हवा कोंडली, हे खरे कारण मला दिसते.

एक वकील, ठाणे

एक गोष्ट चर्चेत सुटली आहे म्हणून थोडक्यात लिहितो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. उघडी पार्किंग त्या व्याख्येत येत नाही, ती सामाईक क्षेत्रात मोडते. त्यामुळे नेरूळच्या लेखकांचे तळघरातले गॅरेज करारनाम्यात नोंदलेले असेल तर त्यावर त्यांचा हक्क आहे, कुंपणालगतची जागा मात्र सोसायटीने दिली आहे तोवरच त्यांची आहे. गाड्या वाढल्या आणि सोडत काढली तर ती जाऊ शकते. गॅरेज भाड्याने देऊन मोकळे होण्यापूर्वी याचा विचार करावा.

खाडीकाठ, नेरूळ

सर्वांचे मनापासून आभार. रंगकाम करणाऱ्या ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. काल सकाळी मोबाइलचा दिवा लावून मी चाकांच्या कमानी आतून पाहिल्या. मागच्या उजव्या कमानीच्या कडेला बोटाने खरवडता येईल असा पांढरट, किरकिरा थर आहे, आणि गाडी जवळजवळ दोन महिने पावसात उभी आहे. पाऊस तिथे पोहोचत नाही, हे मी मान्य करतो.

तरीही जून ते सप्टेंबर या काळात तळघर नको, या मतावर मी कायम आहे. कमानीच्या आत पाऊस जात नसला तरी वारा जातो, आणि आमच्या तळघरात तोही नाही. बुरशी आणि उंदीर या दोन गोष्टींचा प्रतिवाद कोणी केलेला नाही. वाशीकरांनी लिहिलेला पाण्याचा धोकाही त्याच चार महिन्यांतला आहे. उलट उन्हाचे, दवाचे आणि धुळीचे जे मुद्दे कोलशेतहून मांडले गेले, ते जवळजवळ सर्व ऑक्टोबर ते मे या काळातले आहेत, आणि त्या काळात माझे तळघर बऱ्यापैकी कोरडे असते. म्हणून गॅरेज भाड्याने देणार नाही. पावसाळ्यात गाडी बाहेर, दसऱ्यापासून आत, असे करण्याचे ठरवले आहे. बाहेरच्या जागेसाठी चार महिन्यांचे शुल्क भरण्याची तयारी कमिटीला लेखी कळवली आहे. शटरच्या जागी बारीक जाळीचे दार बसवण्याची परवानगीही मागितली आहे, म्हणजे हवा खेळेल आणि उंदीर अडतील.

घोडबंदर रस्ता, कोलशेत

जाळीचे दार बसले तर मी पावसाळ्यातही आतच ठेवीन, कारण बुरशीचे आणि उंदरांचे कारणच मग उरत नाही. आपण बाहेरच ठेवणार असाल, तर सनरूफच्या नळ्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तपासून घ्या. प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि ते चाकांजवळ जमिनीवर पडते का ते पाहा. संकुचित हवेचा झोत मारू देऊ नका, त्याने नळी आतल्या आत सांध्यातून निसटते. माझी दुसऱ्या वेळी तशीच निसटली होती.

रंगकाम, ठाणे पश्चिम

आणि दसऱ्याची वाट पाहू नका. सप्टेंबरमध्ये पाऊस उघडला की ऊन एकदम कडक होते आणि धुतलेल्या, स्वच्छ रंगावर पाण्याच्या थेंबांचे डाग त्याच आठवड्यांत पडतात. गणपती उठले की गाडी खालून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मग आत घ्या.