हडळ कशानं मेली, हे कुणी विचारतं का?

टेंबलाईवाडीची :
आपल्याकडची बायकांची भुतं ओळीनं मांडून बघा. बाळंत होताना गेली ती अळवंतीण. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळशी असताना गेली ती हडळ. इच्छा राहिलेली सवाष्ण जखीण, विधवा गेली तर लावसट. गावागणिक थोडं इकडंतिकडं होईल, पण चौकशी तीच : नवरा होता का, मूल झालं का, अंग धुतलेलं होतं का. पुरुषांमध्ये वेताळ भुतांचा राजा. त्याला देऊळ आहे, यात्रा आहे.

आता आपली कोल्हापूरची टेंबलाई देवी घ्या. लढाईत हिनं अंबाबाईला मदत केली आणि विजयाच्या सोहळ्याला हिलाच बोलवायचं राहिलं. रुसली, टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर ललितापंचमीला अंबाबाई स्वतः पालखीतून समजूत काढायला जाते, कोहळा फुटतो, त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. म्हणजे बाईचा राग आपल्याला कळत नाही असं नाही. देवीचा कळतो. छळाला कंटाळून सून विहिरीत गेली की मात्र गाव म्हणतं, तिन्हीसांजेला तिकडं फिरकू नका. तिला भूत केलं की सासरच्यांना जाब विचारायचं काम संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे.

पेठेतला कट्टेकरी :
ताई, मुंजा विसरलात की सोयीनं गाळलात? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी, म्हणजे ब्रह्मचर्य संपवायच्या विधीआधी, पोरगं गेलं की झाला मुंजा. तोही लग्नावाचूनच अडकला की! आणि गोष्टी कशासाठी होत्या? विहिरीला कठडा नसायचा, पोरं वाकून बघायची, म्हणून आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, ओढून नेतात असं सांगायचे. उसाला रात्रीची पाण्याची पाळी असली की बांधावर तंबाखू मळत माणसं काय वाट्टेल ते बोलतात. त्यात पितृसत्ता कुठं आली? बाकी सवाष्ण गेली तर तिच्यासाठी पितृपक्षात अविधवा नवमी आहे. खास दिवस. रंडक्या पुरुषाला असला मान कुठं?

टेंबलाईवाडीची :
मुंजाला पिंपळ मिळाला, पार मिळाला, दिवा मिळाला. पिंपळाची मुंज लावून त्याला सोडवायची रीतही आहे. अविधवा नवमी पुष्कळ घरांत नवरा जिवंत असेपर्यंतच करतात, हे आपण लिहिलं नाहीत. तो गेला की तिचा दिवसही गेला.

निवृत्त सिस्टर :
दोघांचंही वाचलं. मी प्रसूती विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे दहा दिवसांचा हिशेब मला भुताचा वाटत नाही, तापाचा वाटतो. बाळंतिणीला आत जंतुसंसर्ग झाला तर साधारण त्याच दिवसांत ताप चढतो. बाई बरळते, केस सोडते, अंगाला दुर्गंधी येते, पाणी पाणी करते. अंधारी खोली, तोंडावर धूर, दार बंद. दाराच्या फटीतून बघणाऱ्याला काय दिसत असेल सांगा. नाळ कापायची ती घरातल्या विळ्यानं. बाळ चारआठ दिवसांत दूध ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट, अंग धनुष्यासारखं ताठ. तो धनुर्वात. घरचे म्हणायचे सटवीनं नेलं, आणि पाचवीच्या पूजेत पाट्यावरवंट्याशेजारी पुष्कळदा विळा नाहीतर कोयता असायचाच!

अशी बाई गेली की काही ठिकाणी तिच्या पायात खिळे ठोकायचे आणि परत येताना वाटेवर राळे टाकायचे. ते बारीक दाणे वेचत बसेल, तोवर उजाडेल. ह्या रीती सांगणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्याच असायच्या बरं का, त्यांना कुठल्या बाजूला बसवायचं ते तुम्ही ठरवा. 2018-20 च्या आकडेवारीत लाख जन्मांमागे महाराष्ट्रात 33 माता दगावल्या, देशात 97. हडळी कमी झाल्या त्या हातमोज्यांनी आणि उकळलेल्या कात्रीनं, लेख लिहून नव्हे.

नाद_खुळा :
मी पोरगीच हाय आणि मला हडळ लई आवडते. रात्रीची एकटी हिंडते, कुणाला विचारत न्हाई, पुरुष तिला बघून पळतात. मी रात्री नऊला रंकाळ्यावर गेलो तर घरातनं चार फोन येतात. मग भूत झालेलं काय वाईट?

फडावरची :
वाईट काय ते सांगते. मेलेल्या हडळीचं कौतुक सोपं असतं, मार जिवंत बाईला पडतो. सून अबोल झाली, जेवेना, की "हिला लागलंय". मग केस धरून ओढायचं, मिरचीची धुरी द्यायची. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण करणं गुन्हा म्हणून लिहावं लागलं, ते उगीच नाही. ह्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. बाईला फिर्याद हवी. उलटे पाय घेऊन ती काय करणार?

पेठेतला कट्टेकरी :
आणि अंगात येतं ते? तेव्हा सासू पाया पडते, सासरा नारळ आणतो. बाईला बोलायची ती जागाच होती की.

फडावरची :
अंगात असेस्तोवर. दुसऱ्या दिवशी धुणं तिनंच धुतलं.

टेंबलाईवाडीची :
सिस्टर, ताप मान्य. पण ताप पुरुषालाही यायचा. प्लेगात घरंच्या घरं बसली. तेव्हा मेलेल्या बाप्याच्या पायात खिळे ठोकल्याचं ऐकलंय कधी?

निवृत्त सिस्टर :
नाही ऐकलं. प्लेगात माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायची, प्रेत उचलायलाच कुणी मिळायचं नाही. पण तुमच्या बाजूनं एक सांगते, कट्टेकऱ्यांनी उत्तर द्यावं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की ती मरीआईनं आणली म्हणायचे. गाडा सजवायचा, ओटी भरायची, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. रोगालासुद्धा बाईच का लागली?