लातूरच्या उन्हात घरी फळांचा सोडा करायचाय, सोडा कुठून आणू? (बजेट १५००)

बालाघाटची_सून (लातूर)
नमस्कार मंडळी. पोरं सुट्टीला घरी आलीत, दोन माझी अन् दोन जावेची. चार वाजले की बाटलीतल्या कोल्ड्रिंकसाठी चौघांचा दंगा सुरू होतो. रंग अन् साखर पाजण्यापेक्षा घरी फळांचा रस काढून त्यात सोडा घालून द्यावा, असं ठरवलंय. साध्या सरबताला ती नाक मुरडतात. त्यांना जिभेला चुरचुर पाहिजे.
सोडा कुठून आणावा ते सांगा. मशीन घ्यावं, सायफन (गॅसचं काडतूस लावून सोडा करायची बाटली) घ्यावा, का दुकानातल्या बाटल्याच बऱ्या? अन् कोणती फळं सोड्यात चांगली लागतात?
दोन अटी आहेत. मामंजींना शुगर अन् बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. त्यांनाही रोज एक ग्लास द्यायचाय, म्हणून मीठ नसलेला सोडा हवा. बजेट १५००, त्याच्या वर नाही.

पैठणगेट (संभाजीनगर)
ताई, डोळे झाकून मशीन घ्या. माझं सहा हजाराच्या आसपास पडलं, दोन वर्षं झाली, एक दिवस बंद नाही. पाहुणे आले की आधी मशीन बघतात अन् मग बसतात. एकच लक्षात ठेवा, मशीनच्या बाटलीत फक्त थंड पाणी भरायचं. मी पहिल्याच दिवशी संत्र्याचा रस भरून गॅस सोडला. बाटली काढली तसा फेस उसळून ओट्यावरून थेट मिक्सरमागच्या भिंतीवर. नळीत गर अडकला तो टाचणीने उकरून काढला. रस ग्लासात, सोडा वरून.

बालाघाटची_सून
दादा, माहिती कामाची आहे. पण बजेट १५०० लिहिलंय मी.

मांजराकाठ (लातूर)
मशीन घेऊ नका. माझं दीड वर्षापासून माळ्यावर आहे. पहिला सिलिंडर संपला, आपल्याकडे बदलून कुठं मिळेना. कंपनीने सांगितलं कुरिअरने पाठवा, कुरिअरवाला म्हणाला गॅसची टाकी आम्ही घेत नाही. चार फोन केले, चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. संभाजीनगर-पुण्यात राहणाऱ्यांचं ठीक आहे, आपल्याला परवडत नाही ते.

तेरणा (धाराशिव)
सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडून भरून घ्यायचा की. तोच गॅस असतो. एवढं कशाला अवघड करताय?

परभणीकर
तेरणा, असं कुणाला सांगू नका. गॅस तोच असला तरी खाण्यापिण्याचा वेगळा अन् कारखान्याचा वेगळा येतो. वेल्डिंगच्या टाकीत आत तेल आहे, गंज आहे का काय, कुणी तपासलेलं नसतं. शिवाय छोट्या टाकीत मापाच्या वर गॅस गेला तर जीवावर बेतेल. घरात लेकरं आहेत त्यांच्या.

गोदातीर (नांदेड)
सायफन घ्या. लई सोपा आहे. एक लिटर थंड पाणी भरायचं, ८ ग्रॅमचं छोटं काडतूस फिरवून लावायचं, हलवायचं, झालं. मला अडीच हजारात पडला, काडतुसं वेगळी.
पण काडतूस बघून घ्या. मी एकदा ऑनलाइन स्वस्त मिळाली म्हणून २४ चा डबा मागवला. दिसायला अगदी तशीच, तेवढीच, तीच चांदीसारखी. लावली तर पाण्याला चुरचुर नाहीच, नुसतं गोडसर लागायलं. डब्यावर बारीक अक्षरात बघितलं तर ती केकवरचं क्रीम फुगवायची, नायट्रस ऑक्साइडची. सोड्याला कार्बन डायऑक्साइडचीच लागतात. डबा परतही घेतला नाही दुकानदाराने.

शेवग्याची_शेंग
एवढं काय ते मशीन अन् काडतूस! लिंबाच्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा अन् काळं मीठ टाका, फसफस फसफस येतं. आमच्या आईने आयुष्यभर हेच केलं.

बालाघाटची_सून
मावशी, मीठ चालणार नाही मामंजींना.

शेवग्याची_शेंग
काळं मीठ चालतं, ते औषधी असतं.

साखरेचा_हिशेब (बीड)
नाही चालत, मावशी. काळं मीठसुद्धा मीठच, त्यात सोडियम असतंच. खायचा सोडा तर सोडियम बायकार्बोनेट आहे, लिंबात पडला की गॅस उडून जातो अन् सोडियम ग्लासातच राहतं. बीपीच्या माणसाला नको. ताई, दुकानातल्या सोड्याच्या बाटलीवरही बारीक अक्षरात काय काय घातलंय ते वाचा, काहींत चवीसाठी क्षार घालतात. नुसतं पाणी अन् गॅस असेल तर सोड्याचा बीपीला त्रास नाही.
दुसरं, शुगरचं. मला अकरा वर्षं झाली. रस काढला की फळातला चोथा जातो अन् साखर तेवढी राहते. तीन मोसंब्यांचा रस एका ग्लासात बसतो, पण तीन मोसंब्या सोलून एका बैठकीत आपण खात नाही. मामंजींना अर्ध्या लिंबाचा रस, पुदिना, किसलेलं आलं अन् वर सोडा. त्यात गूळही नको, गूळ म्हणजे साखरच. त्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या.

अंबडचा_बागायतदार (जालना)
फळांचं कुणी नीट सांगेना म्हणून लिहायलो. आमच्याकडे मोसंबीची चारशे झाडं आहेत. जालन्याच्या मोसंबीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तेव्हा मोसंबी सोडून दुसरं काही आणू नका. आत्ता मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला फुललेली असेल, पाणी दिलेल्या बागेतली असली तर उन्हाळ्यातही रसाला कमी नाही. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. साल सुटलेली, हलकी असेल तर ठेवून द्या.
आता शहरातल्या लोकांची चूक सांगतो. सोलून फोडी मिक्सरला लावतात. बी फुटते, पांढरी साल दळली जाते अन् रस कडू. मग म्हणतात तुमची मोसंबीच कडू. आडवी कापून हाताने पिळायची, काचेच्या त्या पिळणीवर, अन् फार दाबून फिरवायची नाही. दुसरं, काढलेला रस ठेवायचा नाही. काढताना गोड असलेला रस दोन-चार तासांनी कडवट होतो, ते आतलं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. फ्रिजमध्ये ठेवला तरी हळूहळू होतोच. म्हणून बाटली भरून ठेवू नका, प्यायच्या वेळी काढा.
रस गाळून घ्या. गराचे कण राहिले की त्यांच्यावर बुडबुडे धरतात अन् सगळा गॅस पळून जातो. ग्लासात आधी बर्फ, मग रस, मग सोडा कडेने ओतायचा. चमच्याने ढवळायचं नाही, खालून एकदा उचलायचं फक्त. एक वाटी रसाला दोन वाट्या सोडा.

केसर_नळदुर्ग
मोसंबीचं कौतुक पुरे. मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही जीआय आहे. मे संपता संपता आंबा आला की रस सोड्यात घालून बघा.

अंबडचा_बागायतदार
आंब्याचा रस घट्ट, सोडा पडला की नुसता फेस. आंबा पोळीबरोबर खायचा.

केसर_नळदुर्ग
पातळ करून गाळला तर होतो. मी केलाय.

मांजराकाठ
कैरीचं कुणी का बोलेना? कैरी उकडून गर काढा, वेलची घाला, घट्ट ठेवा. दोन चमचे गर अन् वर सोडा. पोरांच्यात गूळ, मामंजींच्यात नाही. अन् मशीन घेऊ नका, पुन्हा सांगतो.

कोकणी_जावई (सासर हिंगोली)
आमसुलं भिजवून तो अर्क सोड्यात घाला, मीठ नसलं तरी आंबटपणावर निभतं. लातूरच्या बाजारात मिळतात. आमच्याकडे घरोघरी करतात.

धारूरची_चिंच
आमसूल कशाला, आपली चिंच आहे की घराघरात.

हसनाबाद_रोड
कलिंगडाचं सांगते. कलिंगडाचा रस आधीच पाणचट, सोडा घातला की चवच उरत नाही. मी रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. ग्लासात सहा लाल खडे अन् वरून सोडा. पोरं खडे विरघळायची वाट बघत बसतात. खरबूजही तसंच होतं.

परभणीकर
जगात जर्मनी अन् भारतात परभणी, म्हणून आमचंही ऐका. तुम्ही मशीन अन् काडतुसं मागवायलेत, अन् गावात गोटी सोड्याची दुकानं आहेत ती कुणाला दिसेनात. आमच्या वडलांचं दुकान होतं स्टेशनच्या रस्त्याला, १९९४ पर्यंत चालवलं.
त्या बाटलीचं पेटंट हिराम कॉड नावाच्या इंग्रजाचं, १८७२ चं. मानेला दोन खळगे असतात, तोंडात रबराची रिंग असते. बाटली उलटी करून भरायची. गॅसवालं पाणी भरलं की गोटी तोंडाकडे घसरते अन् आतल्या दाबाने रिंगला घट्ट बसते. झाकण नाही, बूच नाही. फोडली की गोटी खळग्यात अडकते म्हणून ओतताना तोंड बंद होत नाही. लहान असताना मी रिंगा बदलत बसायचो, जुनी रिंग कडक झाली की गॅस रात्रीत उतरतो.
वडील पाणी बर्फात ठेवून मगच गॅस धरायचे. थंड पाण्यात गॅस जास्त मुरतो. वीस अंशाच्या पाण्यात मावतो त्याच्या जवळपास दुप्पट गॅस बर्फाच्या पाण्यात मावतो. तुमच्या मशीनलाही हेच लागू आहे.
साधा सोडा मागा, मसाला नाही, जिरा नाही. त्यात मीठ नसतं.

पैठणगेट
गोटी सोडा? पाणी कुठलं, बाटली कशी धुतात, काही बघितलंय का? लहान लेकरांना देऊ नका. मशीन घ्या.

गोदातीर
हेच म्हणतो. काविळीच्या दिवसांत बाहेरचं पाणी नको. सायफन.

शेवग्याची_शेंग
बाहेरचा सोडा नकोच बाई. घरचाच बरा, खायचा सोडा.

मांजराकाठ
लातुरात पाण्याचा भरवसा धरू नये. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आपल्याला, विसरलात का? अशा गावात सोडावाला पाणी कुठून आणतो हे त्याला विचारावं तरी. गोटी सोड्याला माझाही नाही.

परभणीकर
कामून एवढं घाबरायलेत? विचारा ना मग त्याला. जाऊन बघा. दुकान उघडं असतं, मशीनसारखं बंद खोक्यातून येत नाही.

बालाघाटची_सून
मंडळी, चार दिवस लिहिता आलं नाही. सगळ्यांचं वाचलं.
बहुतेक सगळे नको म्हणाले तरी मी गोटी सोडा ठरवलाय. मांजराकाठ दादांनी पाण्याचं लिहिलं ते डोक्यात बसलं, म्हणून परवा सकाळी सातला स्वतः गेले. गंजगोलाईच्या मागच्या अंगाला एक म्हातारे अन् त्यांचा मुलगा दुकान चालवतात. मी सरळ म्हणाले, काका, घरात आजारी माणूस आहे, मला आत बघायचंय. त्यांनी पडदा बाजूला केला. पाण्याचे जार माझ्या समोरच आले, मी बिल बघितलं. बाटल्या गरम पाण्याच्या टाकीत लांब ब्रशने धूत होते, ब्रश गोटीच्या खळग्यात पोचत नाही म्हणून त्या भागात पाणी दोनदा खळखळवत होते. एक बाटली उजेडात धरून मी आत डोकावले, तळाला काही नव्हतं. साध्या सोड्यात पाणी अन् गॅस, दुसरं काही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
एक दिवसाआड १२ बाटल्या घेते. बाटल्यांचे ५०० डिपॉझिट ठेवले, बाकीच्या पैशांत महिना निघेल. आणल्या आणल्या फ्रिजमध्ये आडव्या ठेवते.
मोसंबी अंबडच्या दादांच्या पद्धतीने हाताने पिळली, एक थेंब कडू नाही. कलिंगडाचे खडे तर पोरांनी तसेच खाल्ले. मामंजींना लिंबू, आलं, पुदिना. डॉक्टर म्हणाले हरकत नाही. काल त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली अन् अंगठ्याने स्वतः गोटी दाबली. ते निजाम कॉलेजला हैदराबादेत शिकायला होते तेव्हा अशीच फोडायचे म्हणे. आता चार वाजता पोरांच्या बाटल्याही तेच फोडतात.

परभणीकर
रिंग बघत चला, ताई. कडक, चिरलेली दिसली की ती बाटली तिथंच परत करा. अन् बाटली तोंडासमोर धरून फोडू देऊ नका पोरांना.

पैठणगेट
पावसाळ्यात दुकान बंद झालं की मशीनच लागेल बघा. तेव्हा मला विचारा, मॉडेल सांगतो.

केसर_नळदुर्ग
आंब्याचा करून बघितला का पण?