स्क्विश बँड कापायचं घरगुती टूल

चेनसॉच्या सिलिंडरमधला स्क्विश बँड, म्हणजे वर आलेला पिस्टन जिच्या अगदी जवळ येतो ती ज्वलनकक्षाभोवतीची कडा, जुन्या पिस्टनच्या डोक्यावर एमरी पेपर चिकटवून घासायची युक्ती काहीजण सांगतात. ती चालते, पण अर्धा मिमी उतरवायचा असेल तर वेळही जातो आणि कागद कडेला झिजून बँड तिरका होतो. चेनसॉच्या इंजिनचं डोकं (हेड) सहसा सिलिंडरलाच ओतलेलं असतं, वेगळं निघत नाही. त्यामुळे कापणी खालून, बोअरमधूनच (पिस्टन फिरतो त्या पोकळीतून) करावी लागते.

मी अ‍ॅल्युमिनियमच्या गोल सळईचा मॅन्ड्रेल (पातं धरणारा दांडा) लेथवर टर्न करून घेईन. हुस्कवर्ना ३७२ चा बोअर ५० मिमी, तर मॅन्ड्रेल त्यात तेल लावून हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही इतका. टोकाला खाच पाडून एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) टूलबिट, म्हणजे कापायचं पातं, बसवायचा, त्याची धार बँडच्या कोनात घासायची. खाली टी-हँडल, आणि सिलिंडरच्या बेसवर टेकेल अशी कॉलर. खोली तीच ठरवते, हाताच्या अंदाजावर सोडू नका. रॉकेल टाकत सावकाश फिरवा. निकासिलचा (बोअरच्या भिंतीवरच्या कठीण मुलाम्याचा) थर बँडच्या कोपऱ्यात आलेला असेल तर एचएसएसची धार लगेच मरते, तिथे कार्बाइडच हवं.

स्क्विश, म्हणजे पिस्टन आणि बँडमधली फट, मोजताना चेपायची सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत, दोन्ही बाजूंना ठेवा, नाहीतर पिस्टन कलतो आणि आकडा खोटा येतो. ०.५ मिमीच्या आसपास मी थांबेन.

आणि फट परत कमी करायला सिलिंडरचा बेस उतरवलात तर एक्झॉस्ट (धूर बाहेर जायचं) आणि ट्रान्सफर (मिश्रण आत यायचं) ही दोन्ही पोर्ट उशिरा उघडतील. ते भरून काढायला पोर्ट वर घेतल्यावर त्याच्या कडा मोडायला विसरू नका, नाहीतर पिस्टनची रिंग अडकते.