ऑइल बदललंत, पण ब्रेक ऑइलचं काय?

"जुनी गाडी घेतली की इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचे, बाकी चालतंय तोवर हात लावायचा नाही" हे 'जुनी गाडी घेतल्यावर आधी काय बदलावं' या चर्चेतलं मत मला अर्धंच पटलं. ऑइल-फिल्टरचं बरोबर, आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकावर विसंबू नये. पण ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारं द्रव) कुणाच्याच यादीत दिसलं नाही. गाडी नुसती उभी असली तरी ते हवेतली ओल शोषत राहतं, त्यामुळे "किलोमीटर कमी आहेत" या आनंदाला इथे अर्थ नाही. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. मग गरम ब्रेकमध्ये वाफ होते आणि पेडल दाबून नुसती वाफच दबते.

माझी नऊ वर्षांची हॅचबॅक गावात झकास थांबायची. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना मात्र (गाडीत पाच जण, डिकी भरलेली आणि माझा पाय सतत ब्रेकवर, ती चूक माझीच) पेडल एकदम स्पंजासारखं मऊ पडलं. खालच्या गिअरवर आणि हँडब्रेकवर कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक, जणू काही झालंच नाही! नंतर मेकॅनिकने काढलेलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ब्लीडिंगसकट (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्यासकट) सगळं हजाराच्या आत झालं. दर दोन वर्षांनी बदला, आणि डबा सीलबंदच घ्या. गॅरेजमधला अर्धवट उघडा डबा नको.