हीलर खेळणं सोडू का? दर वेळेस शिव्या खाऊन राहिलो

कापूसकोंड्या (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार राजेहो. प्रश्न विचारायले आलो पण आधी उलीसं रडून घेतो, सांभाळून घ्या.

दोन वर्षं झाले मी एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो (नाव नाही सांगत, त्याचेच भक्त येतील भांडायले). कापसाचे चुकारे आले तवा सेकंडहँड लॅपटॉप घेतला, घरी सांगतलं कोर्स करतो म्हणून, अन केला बी अर्धा. रात्री हरभऱ्याले पाणी द्यायची पाळी नसली की ११ वाजता बसतो. हीलर आहो, म्हणजे संगच्यायचं रक्त भरून देणारा. मारण्यापेक्षा लोकायले उभं ठेवणं मले आवडते, सोभावच तसा आहे.

परवा टायमरवाल्या डंजनमध्ये गेलो (पाच जणायनं मिळून घडी लावून पार करायची राक्षसायची गुहा). एक टँक (पुढं उभा राहून मार झेलणारा), हीलर मी, तीन डीपीएस (मारणारे). पहिला बॉस, म्हणजे मोठा राक्षस, टनाटन गेला. दुसऱ्या बॉसवर गावची लाइन एक सेकंद गेली अन आली, एकच सेकंद, पंख्याले बी समजलं नसन, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायले लागला. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून परत येतो तर टँक आडवा पडलेला अन चॅटमध्ये 'हील???', मंग 'लोल हीलर झोपला', मंग एकानं 'अनइन्स्टॉल कर'. मी सॉरी लिहिलं, पुढं 'पॉवर' एवढाच शब्द टाइप झाला अन स्क्रीनवर शहराचा दरवाजा आला. म्हणजे काढून टाकलं. मी तिथं दरवाज्यापाशी पाच मिनिटं तसाच उभा, घोड्यावर पण नाही बसलो.

त्यातले तिघं परके होते, त्यायचं काही नाही. चौथा आपल्याच गिल्डमधला (गेममधली आपली कायमची टोळी), अमरावतीकडचा, माह्याशी रोज मराठीत बोलणारा. थो चॅटमध्ये एक शब्द नाही बोलला. नंतर मेसेज आला, 'भाऊ राग नको मानू, की माही होती.' (की म्हणजे डंजन उघडायची चावी.)

सगळ्याच गेममध्ये असं असते का मीच मऊ आहो? अन हीलर सोडून डीपीएस घेऊ का, मंग तरी कोणी पाहणार नाही माह्याकडं?

---

पटाचा_शौकीन

राग येईन तुले पण खरं सांगतो. टायमरवाल्या डंजनात जायचं अन लाइनचा भरवसा नसतांना जायचं, ही चूक तुहीच आहे बे. बाकी चार जणायचा बी अर्धा घंटा गेला नं. आमच्याकडं शंकरपटात जोडी सेकंदाच्या काट्यावर धावते, तिथं कोणी म्हणते का का माह्या बैलाले आज बरं नव्हतं, उलीसं थांबा? नाही म्हणत. ज्याले बैल फिरवायचाच आहे त्यानं पोळ्यात न्यावा, पटात कायले आणावा.

टॉक्सिक टॉक्सिक म्हणून आजकाल कोणी काही बोललं का रडतेत. रोटेशन (कोणतं बटण कवा दाबायचं थे) पाठ कर, व्हिडिओ पाहून जा, इन्व्हर्टर लाव. शिव्या आपोआप बंद होतील.

---

बिनआवाजी

@पटाचा_शौकीन इन्व्हर्टरची बॅटरी केवढ्याला येते माहीत आहे ना दादा? का तिकडे पटातल्या बक्षिसात मिळते?

मी वर्ध्याजवळच्या गावातून खेळते, टँक आहे. तीन वर्षांपासून गिल्डमधल्या कोणालाच माझा आवाज माहीत नाही. व्हॉइस चॅटवर बसते, ऐकते सगळं, बोलायचं असलं की टाइप करते, माइक खराब आहे असं सांगून ठेवलंय. सुरुवातीला एकदा बोलले होते. त्या आधी मी चुकले की 'टँक जरा हळू' म्हणायचे, आवाज ऐकल्यावर त्याच चुकीला 'म्हणूनच पोरींना टँक देऊ नये' झालं. चूक तीच बरं का, एक वळण आधी घेतलं आणि दोन जादा राक्षस मागे लागले, एवढंच. दुसऱ्या दिवशी नवीन कॅरेक्टर बनवलं, मिशीवाला बुटका, आता सगळे भाऊ म्हणतात. कधी कधी स्वयंपाक करता करता कानात हेडफोन असतो आणि ते माझ्याबद्दलच बोलत असतात, 'भाऊ लई शांत माणूस आहे'. हसू येतं मला पण ते हसू काही खरं नाही.

तर कापूसकोंड्या दादा, व्हिडिओ पाहून आणि पाठ करून शिव्या बंद होत नाहीत, मला आमच्या गेममधल्या सगळ्या डंजनची वळणं पाठ आहेत. आणि डीपीएस घेऊन लपशील असं वाटत असेल तर तेही विसर, त्यांच्यासाठी तर मीटर असतो, कोणाचं डॅमेज किती ते आकड्यात सगळ्यांसमोर. तिथे खालच्या नंबरवर असणं म्हणजे वर्गात मार्क वाचून दाखवतात तसं.

---

आर्वीचा_काका

मी वय झालेला खेळाडू, पोट्टे हासतेत मले, तरी लिहितो. लांब होईन.

हे लोक जलमापासून असे नसतेत, गेमची मांडणी त्यायले तसं करते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला तवा डंजनसाठी आपल्याच सर्व्हरवर वरडून वरडून माणसं गोळा करा लागे. कटकट होती, तास तास जाये. पण सर्व्हर म्हणजे गावच होतं. कोणी लूट घेऊन पळाला का दुसऱ्या दिवशी त्याचं नाव साऱ्यायले माहीत, मंग त्याले कोणी संग नेत नसे. मंग डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आलं. बटण दाबलं का वेगवेगळ्या सर्व्हरचे पाच जण एका जागी, काम झालं का पांगले, पुन्हा थोबाड पाहायचं काम नाही. सोय लय झाली, मी बी वापरलं, खोटं कायले बोलू. पण ज्याले उद्या तुले तोंड दाखवायचं नाही त्याले तुही लाज कशाची? बसस्टँडवर धक्का देणारा माणूस गावच्या पारावर तसा धक्का देत नाही नं.

त्याच सुमारास गिअरस्कोर नावाचं अ‍ॅडऑन (गेमले वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) निघालं. तुह्या अंगावरच्या चिलखताचा एक आकडा. माणूस कसा खेळते थे राहिलं बाजूले, आकडा कमी का घेतच नव्हते. अन २०१६ पासून वॉरक्राफ्टमध्ये मिथिक प्लस आलं, टायमरवालं. की एका माणसाची असते, येळेत नाही झालं तर कीची लेव्हल खाली उतरते. म्हणजे तुह्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाते, अन थे बी घडी लावून. अशात साधुसंत बसवले तरी दोन हप्त्यात शिव्या देतीन. तुहा अमरावतीवाला वाईट नसन, पण कीनं त्याले वाईट केलं. (असं म्हणून मी त्याले सोडून नाही देऊन रायलो, एक शब्द त्यानं बोलायलेच पायजे होता.)

उलटं बी पाहा. फायनल फँटसी १४ मध्ये कोणी त्या डंजनात पहिल्यांदा आला असन तर संगच्या साऱ्यायले जादा बक्षीस भेटते. म्हणून नवा माणूस दिसला का जुने वैतागत नाहीत, खुश होतेत. शेवटी एकाले शाबासकी द्यायचं बटण बी आहे. मीटरसारखे बाहेरचे टूल नियमातच बसत नाहीत, म्हणून लपून लावणारे असले तरी कोणी चॅटमध्ये तुहा आकडा तोंडावर फेकत नाही. गिल्ड वॉर्स २, २०१२ चा, त्यात खाणीतला दगड ज्याचा त्याले येगळा भेटते, तू फोडला म्हणून माहा कमी होत नाही, अन पडलेल्याले उठवलं तर उठवणाऱ्याले एक्सपी (अनुभवाचे गुण). रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस थांबून तुले उठवते राजेहो! मी पहिल्यांदा पाहिलं तवा समजलंच नाही का हा काऊन थांबला.

अन त्याच्याही मांगं, १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला तवा शहराबाहेर पाय ठेवला का नव्या लोकायले मारून लुटत. शेवटी २००० मध्ये कंपनीनं जगाचे दोन भाग केले, एकात मारामारी चालते, दुसऱ्यात विनापरवानगी हात लावता येत नाही. उपदेश करून झालं नसतं थे.

तू विचारलं हीलर सोडू का. सोडू नको. सावड धर. आपल्याकडं पेरणीले चार घरं मिळून एकमेकायच्या वावरात जातेत, आज तुह्या, उद्या माह्या, तसे चार जण पक्के धर जे रोज तेच राहतीन. लाइन गेली तर 'गेली वाटते याची' म्हणून थांबतीन.

---

झोपमोड_९९

काका पेरणीले आता ट्रॅक्टर आहे, सावड कोण करते 😂 बाकी मुद्दा पटला

---

पटाचा_शौकीन

काका तुमचं मान्य, नवीन लोकायच्या बाबतीत. पण सारंच गोड गोड केलं तर मजा काय राहिली? मले टायमरच आवडते. शेवटचे दहा सेकंद राहिले अन बॉसचं रक्त दोन टक्के, त्या टायमाले जे होते थे मले दुसऱ्या कशात नाही भेटत. आमचं चुकते असन तर बोलण्यात चुकते, खेळण्यात नाही.

अन @बिनआवाजी तुमचं वाचून बरं नाही वाटलं. माह्या गिल्डमध्ये बी एक जण आहे, दोन वर्षांपासून माइक खराब. मी त्याले 'नवा घे बे कंजूस' म्हणत राहतो.

कापूसकोंड्या, एक विचारू? तू कोणाले कधी असं काढलं नाही का?

---

बिनआवाजी

@पटाचा_शौकीन बुटका आहे का तो? 😄 (नसेल. पण म्हणणं सोडून द्या ते.)

---

कापूसकोंड्या

काका, तुमचा मेसेज दोनदा वाचला. गिल्डमधले दोघं तयार झाले, एक वणीचा अन एक पुसदचा. चौथा-पाचवा पाहतो.

@पटाचा_शौकीन तुह्या प्रश्नाचं उत्तर कालपासून लिहून खोडून रायलो. गेममध्ये कोणाले काढलं नाही मी. पण दिवाळीत मावशीचा पोरगा आला होता, सहावीतला, त्याले खेळायचं होतं. मी बाजूले बसून शिकवत होतो अन थो दर वेळेस आगीतच जाऊन उभा राहे. मी म्हटलं अबे भैताडा, डाव्या बाजूले हो म्हटलं नं, तिसऱ्यांदा सांगून रायलो. त्यानं माउस खाली ठेवला, अलगद, जसा काचेचा असन, अन म्हणे दादा तूच खेळ, मी पाहतो. मंग चार दिवस होता घरी, एकदाही नाही मागितला.

संक्रांतीले येणार आहे म्हणते मावशी. त्याच्यासाठी येगळं कॅरेक्टर बनवून ठेवलं आता. हीलर नाही, धनुष्यवाला, दुरून मारणारा, आगीचा तरास कमी.